आकड्याची भीती वाटते म्हणून साखर तपासायची नाही का?

"ताई, रोज बोट टोचायचे आणि आकडा वाढलेला दिसला की दिवसभर जिवाला घोर लावून घ्यायचा, त्यापेक्षा न पाहिलेलेच बरे," असे मधुमेह असलेली अनेक माणसे मला सांगतात. रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक शेतकरीही हेच म्हणाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांना दोन वेळा इन्सुलिन सुरू होते आणि ग्लुकोमीटर मात्र वर्षभर कपाटात पडून होते.

एकदा आकडा २९० आला, तेव्हा घरच्यांनी त्यांना खाण्यावरून बरेच सुनावले होते. त्या दिवशी केळी सोलून, हात न धुताच त्यांनी बोट टोचले होते; बोटाला फळाची साखर लागलेली असली तर आकडा खोटाच वाढून येऊ शकतो. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि बोटाच्या कडेला टोचावे, तिथे कमी दुखते, एवढेही त्यांना कोणी सांगितले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

"भाऊ, पंधरा दिवस फक्त लिहा. उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि अस्वस्थ वाटेल तेव्हा," असे मी सुचवले, आणि वही पाहून कोणीही रागावायचे नाही, असे घरच्यांकडून कबूल करून घेतले.

दहाव्या दिवशी वहीत नोंद होती: सकाळी ११, बागेत, ६४. त्या सुमारास त्यांना नेहमीच घाम सुटे आणि हात थरथरत; साखर वाढली असे समजून ते न्याहारी आणखी कमी करत, आणि इन्सुलिन घेऊन, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) जेमतेम अर्धी भाकरी खाऊन बागेत राबत. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन-चार चमचे साखर पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे असते. वही पाहून डॉक्टरांनी सकाळचा डोस कमी केला. तो स्वतःच्या मनाने कधीही बदलू नये. दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी हवीच, पण तिच्यात हे ६४ दिसले नसते. केवळ गोळ्यांवर असणाऱ्यांनी किती वेळा तपासावे, हे मात्र आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, ते पुन्हा आले, तेव्हा सणाच्या पानावर ठळक अक्षरांत २४३ लिहिलेले होते आणि पुढे, "आमरस, दोन पुरणपोळ्या." त्यांनी ते पान स्वतःहून उघडून माझ्यासमोर ठेवले.