ऐरोलीच्या फ्लेमिंगोंच्या पाठीवर यंत्र बसवतात म्हणे. त्यातून ते कुठे गेले हे कसं कळतं, आणि त्यांना भार होत नाही का?

भाराचं आधी सांगतो. यंत्र पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रघात आहे. लहान रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगो, त्यातली ही छोटी जात) दीड-दोन किलोचा, म्हणजे पन्नासेक ग्रॅम. शाळेच्या दप्तरापेक्षा बरंच बरं!

२०२२ च्या सुरुवातीला बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेने ठाणे खाडीतल्या सहा रोहितांना टॅग लावले. एकाचं नाव चक्क 'नवी मुंबई'. लोक सरसकट 'सॅटेलाइट टॅग' म्हणतात, पण हे जीपीएस-जीएसएम प्रकारचे. उपग्रहांचे सिग्नल पकडून यंत्र स्वतःच आपली जागा काढतं, साठवून ठेवतं आणि मोबाइलची रेंज मिळाली की एसएमएससारखं धाडून देतं. वर छोटं सोलर पॅनल असतं, त्यामुळे बॅटरी बदलायला पक्षी पुन्हा पकडावा लागत नाही. त्यांतला 'हुमायून' गुजरातेत भावनगरकडे गेला, तो असाच कळला.

समुद्रावर टॉवर कुठून येणार? अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाणाऱ्या अमूर ससाण्यांना म्हणून खरा सॅटेलाइट टॅग लावतात. तो थेट उपग्रहाला सिग्नल देतो. २०१३ मध्ये नागालँडला तिघांना तसे बसवले होते. टॅग जेमतेम ५ ग्रॅमचा.

खाडीला भरती आली की रोहित नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागांवर येऊन बसतात. ते बघायला मात्र टॅग नको, भरतीचं वेळापत्रक आणि दुर्बीण पुरते.