शेअरपॉइंट फार्मवर सेव्ह केलेली ओडेटा कनेक्शनची सेटिंग्ज पॉवरशेलमधून कशी काढायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेअरपॉइंट 2016 च्या फार्मवर (म्हणजे शेअरपॉइंट चालवणाऱ्या सर्व्हरच्या गटावर) आधीच्या अ‍ॅडमिनने एका ओडेटा सर्व्हिसचं (वेबवरून ठरलेल्या पद्धतीने डेटा देणाऱ्या सर्व्हिसचं) कनेक्शन करून ठेवलंय. त्यात पत्ता कुठला आणि ऑथेंटिकेशन कुठलं, ते पाहायचंय. पण कनेक्ट-एसपीओसर्व्हिस (शेअरपॉइंट ऑनलाइनला, म्हणजे क्लाउडमधल्या शेअरपॉइंटला जोडणारी कमांड) करून गेट-एसपीओडेटाकनेक्शनसेटिंग चालवलं की अशी कमांडच नाही म्हणून एरर येतो.

कमांड बरोबर आहे, तुम्ही ती चालवताय ते ठिकाण चुकतंय. गेट-एसपीओसाइटसारख्या शेअरपॉइंट ऑनलाइनच्या कमांड ‘एसपीओ’नेच सुरू होतात, म्हणून हा गोंधळ भल्याभल्यांचा होतो. इथे मात्र ‘एसपी’ संपून पुढे ‘ओडेटा’ सुरू होतं. ही फार्मच्या सर्व्हरवरची कमांड आहे, 2013 च्या आवृत्तीपासूनची. तेव्हा ऑनलाइनचं मॉड्यूल बाजूला ठेवा, फार्ममधल्या एखाद्या सर्व्हरवर लॉगिन करा आणि शेअरपॉइंट मॅनेजमेंट शेल ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. साधं विंडोज पॉवरशेल उघडलं असेल तर आधी अ‍ॅड-पीएसस्नॅपिन मायक्रोसॉफ्ट.शेअरपॉइंट.पॉवरशेल द्या, म्हणजे शेअरपॉइंटच्या कमांडचा संच (स्नॅपिन) लोड होतो. पॉवरशेल 7 मध्ये स्नॅपिन चालत नाहीत, तिथे प्रयत्न करू नका.

शेल उघडताच लोकल फार्म अ‍ॅक्सेसिबल नाही असा मेसेज आला, तर बहुतेक वेळा तुमच्या खात्याला हक्क नसतात. ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून अ‍ॅड-एसपीशेलअ‍ॅडमिन करून घ्या.

आता मुख्य कमांड (टाइप अर्थातच इंग्रजीत करायची):

गेट-एसपीओडेटाकनेक्शनसेटिंग -सर्व्हिसकॉन्टेक्स्ट "साइटचा पत्ता" | फॉरमॅट-लिस्ट *

-नेम दिलं तर त्या नावाचं एकच कनेक्शन येतं, नाही दिलं तर सगळी. शेवटचं फॉरमॅट-लिस्ट आणि चांदणी वगळू नका, नाहीतर पूर्ण तपशील दिसेलच याची खात्री नाही.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती सर्व्हिसकॉन्टेक्स्टवर. इथे ओडेटा सर्व्हिसचा पत्ता द्यायचा नसतो, शेअरपॉइंटच्या साइटचा द्यायचा असतो. ती साइट ज्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये आहे, त्याला जे बिझनेस डेटा कनेक्टिव्हिटी सर्व्हिस अ‍ॅप्लिकेशन (बाहेरच्या डेटाशी जोडणी सांभाळणारा शेअरपॉइंटचा भाग) जोडलेलं आहे, त्याच्यातलीच कनेक्शन्स ही कमांड दाखवते. फार्मवर अशी दोन अ‍ॅप्लिकेशन्स असतील आणि तुम्ही भलत्या साइटचा पत्ता दिलात, तर एरर येणार नाही, फक्त काहीच दिसणार नाही. म्हणून रिकामं उत्तर आलं की कनेक्शन डिलीट झालं असं लगेच धरून चालू नका. गेट-एसपीवेबअ‍ॅप्लिकेशनने सगळी वेब अ‍ॅप्लिकेशन्स काढा आणि फॉरईच-ऑब्जेक्टमधून प्रत्येकाचा यूआरएल सर्व्हिसकॉन्टेक्स्टला देत जा. कुठे ना कुठे सापडेल.

सापडलं की दोन ओळी नीट वाचा. सर्व्हिसअ‍ॅड्रेसयूआरएल म्हणजे प्रत्यक्ष डेटा जिथून येतो तो पत्ता. ऑथेंटिकेशनमोड त्याहून महत्त्वाचा. पासथ्रू असेल तर लॉगिन केलेल्या माणसाच्याच ओळखीने विनंती पुढे जाते. क्रेडेन्शियल्स किंवा विंडोजक्रेडेन्शियल्स असेल तर सिक्युअर स्टोअरमधलं (शेअरपॉइंटमध्ये खाती आणि पासवर्ड जपून ठेवायच्या जागेतलं) खातं वापरलं जातं. आणि रिव्हर्टटूसेल्फ दिसलं तर जरा थांबा: तिथे सगळ्यांच्या विनंत्या आयआयएसच्या (विंडोजच्या वेब सर्व्हरच्या) अ‍ॅप्लिकेशन पूलच्या खात्याने जातात. हे मुळात बंद असतं ते सुरक्षेच्याच कारणाने. कुणीतरी ते मुद्दाम चालू केलेलं असणार, त्यामुळे का केलं हे शोधल्याशिवाय ही सेटिंग नव्या ठिकाणी जशीच्या तशी उचलू नका.

पासवर्ड मात्र इथे मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. कनेक्शनमध्ये फक्त सिक्युअर स्टोअरच्या टार्गेट अ‍ॅप्लिकेशनचा (तिथल्या संबंधित नोंदीचा) आयडी असतो. तो आयडी टिपून ठेवा आणि खात्याची माहिती सर्व्हिस सांभाळणाऱ्या टीमकडून घ्या.

मेटाडेटाचा, म्हणजे डेटाची रचना सांगणाऱ्या माहितीचा पत्ता वेगळा साठवलेला असतो. त्यासाठी गेट-एसपीओडेटाकनेक्शनसेटिंगमेटाडेटा ही जोडीची कमांड आहे, सर्व्हिसकॉन्टेक्स्ट तसाच द्यायचा. बरेच जण पहिलीच कमांड चालवून थांबतात आणि फार्म हलवल्यावर डेटाचा पत्ता नवा, मेटाडेटाचा जुना अशी अवस्था होते.

दोन्हींचं आउटपुट आऊट-फाइलने फाइलमध्ये काढून ठेवा. 2016 आणि 2019 दोन्हींचा सपोर्ट 14 जुलै 2026 पर्यंतच आहे, म्हणजे स्थलांतराच्या वेळी ही नोंद लागणारच. आणि नव्या फार्मवर न्यू-एसपीओडेटाकनेक्शनसेटिंगने कनेक्शन करताना नाव अक्षरन् अक्षर तेच ठेवा, कारण एक्स्टर्नल कंटेंट टाइपच्या (बाहेरच्या डेटाच्या शेअरपॉइंटमधल्या वर्णनाच्या) मॉडेलमध्ये ओडेटाकनेक्शनसेटिंग्जआयडी या प्रॉपर्टीत हेच नाव लिहिलेलं असतं. मॉडेल एक्सपोर्ट करून एक्सएमएल फाइलमध्ये ते शोधलंत, तर कुठला कंटेंट टाइप कुठल्या कनेक्शनवर चालतो हेही कळेल.