मुंबईत वर्षानुवर्षं सिनेमाची परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही विचारलंय, ‘फुकट सिनेमे बघायचे आणि वर पैसे, मज्जाच ना?’ पैशांचं आधी उरकतो. मानधनावर घर चालत नव्हतं. १९८४ पासून मी एका मराठी दैनिकात लिहायचो, पण चूल पेटायची फोर्टातल्या बँकेच्या पगारावर. ओळखीतले बहुतेक असेच. कुणी एलआयसीत, कुणी मास्तर.

शुक्रवारी अर्धी रजा टाकायची, दादरच्या प्लाझाला पहिला खेळ गाठायचा, लोकलमध्ये मुद्दे खरडायचे, संध्याकाळी दैनिकात लिहिलेला मजकूर द्यायचा. जागा साडेतीनशे शब्दांची, ऐनवेळी जाहिरात आली की दोनशे. एकदा शेवटचे दोन परिच्छेद उडाले. सगळ्या शिव्या नेमक्या त्यातच होत्या. दुसऱ्या दिवशी निर्मात्याचा आभाराचा फोन!

सिनेमा बघायला शिकलो ते मात्र प्रभात चित्र मंडळात. सभासदांना निवडक सिनेमे दाखवणारी ही फिल्म सोसायटी १९६८ साली सुरू झाली, आणि चित्रपट समीक्षक सुधीर नांदगावकरांनी ती आयुष्यभर जपली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून, परदेशी वकिलातींकडून प्रिंट यायच्या. एका प्रिंटला सबटायटल्सच नव्हती. पंधरा मिनिटं चरफडलो. मग भाषेचा नाद सोडल्यावर कॅमेरा कुठे ठेवलाय, माणूस चौकटीच्या कुठल्या कोपऱ्यात उभा आहे, हे दिसायला लागलं. तोवर मी खरं तर गोष्टच ऐकत होतो.

दुसरी शाळा गिरणी कामगारांच्या लालबागची, भारतमाता थिएटर. पत्रकारांसाठी ठेवलेल्या प्रेस शोला कुणी हसत नाही. सगळे एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघून मत बनवतात (समोसे मात्र संपतात). एका विनोदी मराठी सिनेमाला मी ‘पाचकळ’ म्हणून झोडपलं होतं. पुढच्या आठवड्यात पाहुण्यांच्या आग्रहाखातर तोच भारतमाताला बघावा लागला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत होते तो काळ. शेजारचे काका एका प्रसंगाला डोळे पुसत हसत होते. त्या प्रसंगाचा माझ्या परीक्षणात उल्लेखही नव्हता. नटाने वाक्य बोलण्याआधी घेतलेला अर्ध्या सेकंदाचा थांबा मी प्रेस शोला चक्क हुकवला होता. पटकथा वाईटच होती, तिथे मी आजही माघार घेणार नाही. पण त्या नटावर अन्याय झाला खरा. तेव्हापासून प्रेस शोला बघितलेला सिनेमा, मत डळमळीत वाटलं तर, खिडकीवर तिकीट काढून पुन्हा बघायचो. बायको म्हणायची, “मानधन तिथेच देऊन येता का?”

हिशेब तिचाच बरोबर होता.

ओळखीच्या दिग्दर्शकांबद्दल विचारलंत. मुहूर्ताच्या पेढ्यांपुरती मैत्री ठेवली. एकाच्या घरी जेवलो होतो, त्याच्या पुढच्या सिनेमावर लिहिताना हात जड झाला. मग ते परीक्षण सहकाऱ्याला दिलं.

सदर बंद होऊन बरीच वर्षं झाली. खिशात पेन अजून असतं, पण अंधारात लिहिलेलं माझं अक्षर आता मलाच लागत नाही. म्हणून नुसता बघतो.