बांगडीचा भागाकार 3.47 कसा आला?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. घरातल्या गोल वस्तूंचा परीघ दोऱ्याने आणि व्यास पट्टीने मोजून तिने भागाकार केला. वाटीचा 3.08, डब्याचा 3.19 आणि बांगडीचा तर 3.47 आला. पुस्तकात सगळ्या वर्तुळांसाठी 3.14 दिलंय. चुकलं कुठे?
– एक पालक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : भागाकार बरोबर आहेत, मापं चुकली. परीघ आणि व्यास एकाच वर्तुळाचे हवेत, तेच तिन्ही वेळा झालेलं नाही.

बांगडीचं बघा. दोन-चारची बांगडी म्हणजे आतला व्यास 2 पूर्णांक 4/16 इंच, साधारण 57 मिमी. पट्टीने हाच मोजला गेला. दोरा मात्र बाहेरून फिरला. काठ 3 मिमी जाड असेल तर बाहेरचा व्यास 63 आणि परीघ 198 मिमी. 198 ला 57 ने भागलं की 3.47, आणि 63 ने भागलं की 3.14.

वाटी खाली निमुळती असते. व्यास तोंडाशी घेतला आणि दोरा जरा खाली घसरला, की परीघ कमी भरतो. डब्यावर पट्टी मध्यातून गेली नाही, म्हणजे व्यासाऐवजी जीवा मोजली. 20 सेंमी व्यासाच्या डब्यावर पट्टी केंद्रापासून पावणेदोन सेंमी सरकली तरी 19.7 भरतात.

दोरा ताणला जातो, सोडला की आखडतो. त्यापेक्षा कागदाची अरुंद पट्टी गुंडाळा, टोकं एकमेकांवर येऊ द्या, तिथे दोन्ही पदरांतून टाचणी टोचा. पट्टी उलगडून दोन छिद्रांमधलं अंतर मोजा, तोच परीघ. व्यासासाठी मोजपट्टीचा शून्य काठावर दाबून धरा, दुसरं टोक हळूहळू फिरवा. सर्वांत मोठं माप येईल तो व्यास. डब्यासारख्या मोठ्या वस्तूंपासूनच सुरुवात करा. मिलिमीटरची चूक बांगडीत जितकी बोचते तितकी डब्यात बोचत नाही.

प्रश्न : नॅपकिनच्या कापडाचा रोल घेतला. बाहेरचा व्यास 20 सेंमी, आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचा 10 सेंमी, कडेने मोजलेले थर 50. परीघ गुणिले थर करून 31.4 मीटर धरले होते, उलगडल्यावर साडेतेवीसच निघाले. कापड कमी दिलं का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : नाही, कापड पूर्ण आहे. तुम्ही 50 ही थरांना सर्वांत बाहेरच्या थराचा परीघ लावलात. इथे एक थर 1 मिमी जाड आहे. तो चढला की व्यास दोन्ही बाजूंनी मिळून 2 मिमी वाढतो आणि परीघ 6.28 मिमी. ही वाढ प्रत्येक थराला सारखीच, म्हणून मधला व्यास घेतला की हिशेब जुळतो : 10 आणि 20 ची सरासरी 15, परीघ 47.1 सेंमी, गुणिले 50 म्हणजे 23.55 मीटर.

रोल दबून लंबगोल झाला असेल तर बाहेरून टेप लावून परीघ घ्या आणि 3.14 ने भागा. आत घट्ट, बाहेर सैल गुंडाळलेला असेल तर मात्र प्रत्यक्ष कापड हिशेबापेक्षा कमी निघतं, कारण जास्त थर लहान व्यासावर बसलेले असतात.

प्रश्न : 22/7 खरं की 3.14?
– एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही जवळपासची. 1 मीटर व्यासाला 22/7 ने परीघ सव्वा मिलिमीटर जास्त येतो, 3.14 ने दीडेक मिलिमीटर कमी. आर्यभटाने 20,000 व्यासाला 62,832 परीघ सांगितला, म्हणजे 3.1416, आणि त्यालाही ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असंच म्हटलं.