लैंगिकतेचा अभ्यास करणाऱ्या वेगवेगळ्या शाखांतल्या संशोधकांना एकत्र कसं आणायचं?

तुम्ही विचारलंय की डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ एकत्र बसून लैंगिकतेवर काम करतात का, आणि त्यांना जमवायचं तर सुरुवात कुठून करावी.

मी संख्याशास्त्र शिकवतो. या विषयात आमची आठवण सगळं उरकल्यावर होते. "सर, एवढं जरा एसपीएसएसमध्ये (आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये) घालून द्या ना." तोवर फॉर्म भरून झालेले असतात, तेही ओळखीपाळखीच्या लोकांकडून. मग मी कसली डोंबलाची टक्केवारी काढणार?

अमेरिकेत आल्फ्रेड किन्सींनी यातलं अर्धं काम फार चांगलं केलं. ते मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. झाडांवर गाठी आणणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या त्यांनी लाखांनी जमवल्या होत्या. १९३८ साली इंडियाना विद्यापीठात ते विवाहावरचा अभ्यासक्रम शिकवू लागले आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना द्यायला भरवशाची माहितीच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मुलाखती सुरू केल्या. वॉर्डेल पॉमरॉय हे मानसशास्त्रज्ञ, पॉल गेबहार्ड हे मानववंशशास्त्रज्ञ आणि आकडेमोडीला क्लाइड मार्टिन. शाखा वेगळ्या, पण मुलाखत सगळ्यांनी एकच शिकायची. शेकडो मुद्दे तोंडपाठ, उत्तरं सांकेतिक खुणांत टिपायची, समोरच्याने काहीही सांगितलं तरी भुवई उंचावायची नाही. अशा सुमारे अठरा हजार मुलाखती झाल्या. माझ्या मते त्या माणसांना बांधून ठेवलं ते या मुलाखतीनं. १९४७ साली निघालेल्या त्यांच्या संशोधन संस्थेची पाटी नंतरची.

राहिलेलं अर्धं मात्र फसलं. १९४८ साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचं किन्सींचं पुस्तक आलं आणि त्यानंतर कॉक्रन, मोस्टेलर, टुकी हे तीन बडे संख्याशास्त्रज्ञ ते तपासायला बसले. मुलाखतींची त्यांनी तारीफ केली, पण माणसं यदृच्छ पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी, निवडलेली नव्हती, ते भोक बुजवायचं कसं? हेच तिघे दहा वर्षं आधी भेटले असते तर... असो.

आता जवळचं उदाहरण. "अंगावरून पांढरं जातं" ही तक्रार आपल्याकडे घरोघरी. स्त्रीरोगतज्ज्ञ जंतुसंसर्ग शोधणार, मनोविकारतज्ज्ञाला त्यात थकवा नि काळजी ऐकू येणार. गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांच्या मुलाखतीही घेतल्या आणि प्रयोगशाळेत तपासण्याही केल्या. २००५ साली निष्कर्ष छापून आला: या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी जास्त घट्ट निघालं. नुसती मुलाखत घेऊन किंवा नुसती तपासणी करून हे कधीच कळलं नसतं, कारण दोन्ही उत्तरं त्याच बाईची असायला हवीत.

म्हणून चर्चासत्राने सुरुवात करू नका. मी अशा दोनतीन चर्चासत्रांना गेलोय; प्रत्येकजण आपापला निबंध वाचतो, जेवण बरं असतं, प्रमाणपत्र घेऊन मंडळी घरी जातात. त्याऐवजी पाचसहा जणांनी मिळून एकच प्रश्नावली लिहायला घ्या. कुणाला विचारायचं हेही त्याच दिवशी ठरवा, म्हणजे आमच्यासारख्याला तेव्हाच बोलवा. भांडणं होतील, होऊ द्यात. "लैंगिकदृष्ट्या सक्रिय" म्हणजे नेमकं काय, यावरच पहिली दुपार जाईल.

आणि गावात काम करणारी एखादी आशाताई त्या बैठकीला हवीच. "लैंगिक संबंध हा शब्द आमच्याकडं कुणी बोलत नाही हो," हे तुम्हाला तीच सांगेल.