युरोपातील आश्रयाचे नवे नियम : भार कोणावर?

प्रश्न : युरोपीय संघाने आश्रयासंबंधीचे कायदे बदलल्याचे वाचले. त्यामुळे निर्वासितांचा भार ग्रीस आणि इटलीवरून उतरून सर्व सदस्य देशांत वाटला जाईल काय? माझी मुलगी जर्मनीत शिकते आणि आम्ही उभयता तिला भेटायला जाणार आहोत. आमच्या व्हिसावर या बदलांचा परिणाम होईल काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : भार काहीसा हलका होईल; मात्र त्याचे न्याय्य वाटप होईल, असे मला वाटत नाही. १९९० च्या डब्लिन करारापासून चालत आलेल्या नियमानुसार, कुटुंबीय किंवा व्हिसा यांचा अन्य देशाशी संबंध नसेल, तर आश्रयार्थी ज्या देशातून प्रथम संघात शिरला त्याच देशाने त्याचा अर्ज तपासायचा असतो, आणि समुद्रमार्गे येणाऱ्यांच्या बाबतीत तो देश बहुधा ग्रीस, इटली किंवा स्पेन असतो. २०१५ मध्ये ग्रीस आणि इटलीतील १ लाख ६० हजार लोकांना इतर देशांत हलवण्याचे ठरले, पण प्रत्यक्षात सुमारे ३५ हजारच हलवले गेले. पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक यांनी त्या निर्णयाचे पालन न करून कायदा मोडला, असा निकाल संघाच्या न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये दिला, तोवर त्या निर्णयाची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

मे २०२४ मध्ये संमत झालेल्या आणि जून २०२६ पासून लागू करण्याचे ठरलेल्या नव्या कायद्यांनी सहकार्य बंधनकारक केले असले, तरी त्याचे स्वरूप प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडले आहे. आश्रयार्थींना आपल्याकडे घ्यावे, प्रत्येकामागे २० हजार युरो द्यावेत किंवा मनुष्यबळ व साहित्य पुरवावे, यांपैकी कोणताही पर्याय देशाला निवडता येतो. पैशांनी ग्रीसमधील छावणी सुधारेल, हे खरे. पण तिथे अडकलेल्या माणसाला दुसरा देश मिळणार नाही. शिवाय, समुद्रातून वाचवलेल्यांचा अपवाद सोडता, बेकायदा सीमा ओलांडून आलेल्यांबाबत पहिल्या देशाची जबाबदारी आता १२ ऐवजी २० महिने टिकते. सुधारणेतील हा भाग मला सर्वाधिक खटकतो.

ज्या देशांच्या नागरिकांचे २० टक्के किंवा त्याहून कमी अर्ज मान्य होतात, त्यांचे अर्ज सीमेवरच १२ आठवड्यांत निकाली काढायचे आहेत. निकाल लवकर लागावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु देशाची सरासरी काहीही असली, तरी छळ एकेका माणसाचा होतो, आणि तो सिद्ध करायला त्याला वकील, दुभाषी आणि पुरेसा वेळ मिळालाच पाहिजे.

तुमच्या व्हिसाचा या कायद्यांशी संबंध नाही. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत अल्पकाळ फिरू देणाऱ्या सामायिक व्हिसाचे, नियम स्वतंत्र आहेत. प्रवासाचे मुख्य ठिकाण जर्मनी असल्याने अर्ज जर्मनीकडेच करावा. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना एक सवलतही मिळाली आहे : मागील तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरले असतील, तर दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो.