फक्त मासे असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला महागडी एलईडी लागते का?

नाही लागत. तुमची टाकी तीन फुटी, त्यात दोन क्लाउनफिश आणि चार डॅमसेल, प्रवाळ एकही नाही आणि दुकानदार सोळा हजारांचा रीफ लाइट गळ्यात मारतोय, असं तुम्ही लिहिलंय. दिवा चांगलाच असेल, पण तो प्रवाळांसाठी. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. म्हणून तिथे प्रखर, निळसर प्रकाश मोजूनमापून द्यावा लागतो. माशांना खाऊ आपण घालतो. दिवस कधी उगवला, कधी मावळला एवढं त्यांना कळलं की झालं. बाकी दिवा आपल्या डोळ्यांसाठी.

डोंबिवलीतल्या माझ्या पहिल्या टाकीवर मीही भारी दिवा लावला होता, 'पुढेमागे प्रवाळ ठेवले तर' म्हणून. प्रवाळ काही आले नाहीत, शेवाळ आलं. आठवड्यातून दोनदा काच खरवडायची आणि डॅमसेल दिवसभर खडकाच्या फटीत. (तसंही वन्यजीव संरक्षण कायद्यात आपल्या समुद्रातले प्रवाळ वाघाच्याच अनुसूचीत आहेत. कोणी 'लोकल माल आहे' म्हणालं तर हात लावू नका.)

आता माझ्याकडे आहेत ते दहा वॉटचे दोन पांढरे एलईडी फ्लडलाइट, ६५०० केल्विनचे (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे पांढरे), आणि तेवढ्याच वॉटचा एक निळा. निळा म्हणजे सणासुदीला इमारतींवर रोषणाईला लावतात तोच. मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. तिन्ही मिळून हजाराच्या आसपास. ट्यूबही चालते, पण तिचा उजेड सपाट पडतो. फ्लडलाइटचा उजेड एका जागेवरून येतो, त्यामुळे पाणी हललं की वाळूवर त्या नाचऱ्या रेषा उमटतात. मला त्यासाठीच तो आवडतो.

निळा एकटा लावू नका. त्यात डॅमसेल खुलतो, पण क्लाउनफिशचा केशरी रंग मळकट दिसतो. केशरी दिसायला पांढऱ्यातला लाल-पिवळा भाग हवाच. माझा निळा संध्याकाळी शेवटचा तासभर, पांढरे बंद झाल्यावर चालू असतो. एकदम काळोख झाला की मासे बिथरतात, उडी मारून बाहेरही पडतात. सकाळीही आधी खोलीत उजेड होऊ द्या, मग टाकीचा दिवा.

पैसे वाचवायचे ते दिव्यात, सुरक्षेत नाही. खारं पाणी उडतं, सुकतं आणि मीठ स्क्रूपासून सोल्डरपर्यंत सगळं खातं. माझी पहिली स्वस्त पट्टी पावसाळा संपायच्या आत एका टोकाकडून विझत गेली. म्हणून आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारा) लिहिलेलाच दिवा घ्या. टाकीवर काचेचं झाकण ठेवा, हवेला मागे थोडी फट सोडून, आणि दिवा झाकणापासून वीतभर वर टांगा. झाकणावर मिठाचा थर बसतो, तो पुसत राहा, नाहीतर उजेड तिथेच अडतो. वायर प्लगकडे नेताना मध्ये खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवून घ्या, दिवा नंतर.

टायमर घ्याच. पांढरे आठ तास पुरतात. वीस वॉट आठ तास म्हणजे महिन्याला पाच युनिटसुद्धा होत नाहीत. नव्या टाकीत पहिले काही आठवडे तपकिरी थर येतो, त्याचा राग दिव्यावर काढू नका, तो बहुधा आपोआप जातो. हिरवं वाढायला लागलं तर वेळ सहा तासांवर आणा आणि खाऊ कमी करा. वाचलेले पैसे प्रोटीन स्किमरला, म्हणजे पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या यंत्राला, घाला.

दुकानदार पुढच्या खेपेला क्लाउनसाठी ॲनिमोन (समुद्रफूल, ज्यात क्लाउनफिश राहतो तो प्राणी) सुचवेल. तो मात्र या उजेडात जगणार नाही. क्लाउनला टाकीत त्याची गरजही नसते.

आणि दिवे टाकीच्या मधोमध नव्हे, पुढच्या काचेच्या जवळ टांगा. मागे लावले की माशांची आपल्याकडची बाजू अंधारात जाते.